भावना ओळखण्यातली अडचण मोजताना : २० विधाने आणि वादाचा तिसरा भाग

‘अ‍ॅलेक्झिथायमिया’, म्हणजे स्वतःच्या भावना ओळखण्यात व शब्दांत मांडण्यात येणारी अडचण, ही संज्ञा १९७३ च्या सुमारास बोस्टनमधल्या मनोशारीरिक रुग्णांच्या निरीक्षणांतून रूढ झाली. मोजणीचा गुंता मात्र पुढच्या दोन दशकांतला.

ही अडचण मोजणारी टोरांटोतली १९८५ ची प्रश्नावली २६ विधानांची होती. १९९२ मध्ये ती २३ वर आणि १९९४ मध्ये २० वर आली. या काटछाटीत दिवास्वप्ने व कल्पनाशक्तीची विधाने गळली, कारण तिथे लोक चारचौघांत बरे दिसेल असे उत्तर देतात असे आढळले. भावना ओळखण्याची ७, शब्दांत मांडण्याची ५ आणि बाह्याभिमुख विचारांची (लक्ष स्वतःच्या मनाऐवजी बाहेरच्या गोष्टींकडे असण्याची) ८ विधाने उरली. प्रत्येक विधानाला १ (अजिबात सहमत नाही) ते ५ (पूर्ण सहमत) असे उत्तर द्यायचे असते. हा तिसरा भाग ठेवण्याचा निर्णय आजही वादात आहे, आणि तो वाद योग्यच आहे.

या भागात लोकांशी भावनांऐवजी रोजच्या कामांबद्दल बोलणे आवडते का, हलकेफुलके कार्यक्रम पसंत आहेत का, असे विचारले जाते. घरातले दुःख बाहेर न बोलणे जिथे शहाणपणाचे मानतात, तिथे ‘हो’ म्हणणारा माणूस संस्कार सांगतो, असमर्थता नव्हे. बेरजेत मात्र दोन्ही सारखेच. तीन भागांचे अनुक्रमे १७, १२ आणि ३२ गुण मिळून ६१ होतात, तसेच २५, १८ आणि १८ मिळूनही. ६१ पासून पुढे अ‍ॅलेक्झिथायमिया, ५२ ते ६० सीमारेषा. पण यातल्या पहिल्या माणसाला भावना ओळखण्यात फारशी अडचण नाही.

दुसरा दोष गुणांकनातला आहे. ४, ५, १०, १८ आणि १९ या विधानांचे गुण उलटे धरायचे असतात (६ वजा उत्तर), आणि त्यांतली चार तिसऱ्या भागातच आहेत. सरसकट ‘सहमत’ म्हणजे ४ लिहिणाऱ्याचे ७० गुण होतात. सगळीकडे मधले ३ लिहिले तरी ६०. त्यामुळे मान डोलावण्याची सवय असलेल्या गटात तिसऱ्या भागाची अंतर्गत सुसंगती (त्यातल्या विधानांची उत्तरे एकमेकांशी जुळणे) ढासळते, आणि अनेक भाषांतरांत ती कमी निघालीच.

२०१२ मध्ये कॅनडातल्या चिनी आणि युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांची तुलना झाली. तिसऱ्या भागातला फरक बराचसा सांस्कृतिक मूल्यांशी जोडलेला निघाला. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन प्रश्नावलीने २४ विधानांत सुखद व त्रासदायक भावना वेगळ्या केल्या, आणि बाह्याभिमुख विचारांच्या भागात लक्ष स्वतःच्या भावनांकडे जाते का, एवढेच विचारले.

म्हणून दोन भाषक गटांची तुलना करण्याआधी घटकरचना (विधाने त्याच भागांत गटतात का), मग विधानांचे भार (प्रत्येक विधान आपल्या भागाशी तितकेच जोडलेले आहे का), मग आधारपातळी (अडचण सारखी असता विधानाला सारखेच उत्तर मिळते का) जुळते का, हे याच क्रमाने तपासावे. शेवटची पायरी फसली तर सरासऱ्या शेजारी मांडू नयेत. भाषांतर उलट फिरवून मूळ विधानाशी जुळले, एवढ्याने ही तपासणी होत नाही. तिन्ही भागांचे गुण वेगळे द्यावेत. विधान ३ वर स्वतंत्र नजर हवी : त्यात डॉक्टरांनाही न उलगडणाऱ्या शारीरिक संवेदनांबद्दल विचारले आहे, आणि निदानाविना वर्षे काढलेला रुग्ण त्याला खरेपणानेच ५ देतो.