युरिया आणि ‘सेंद्रिय’ या शब्दाची गोष्ट

कृषी सेवा केंद्रात गेलात तर एका बाजूला निमकोटेड युरियाची ४५ किलोची पोती रचलेली असतात आणि दुसऱ्या बाजूला ‘सेंद्रिय’ अशी पाटी लावून गांडूळखत ठेवलेलं असतं. ते पोतं नेणाऱ्या शेतकऱ्याची दहावीतली मुलगी मात्र शाळेत शिकते की युरिया हे सेंद्रिय संयुग आहे. दोन्ही बरोबर आहे. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे झाले, हे समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसहित, ज्याला अवयव आहेत ते. युरोपीय भाषांतल्या ‘ऑर्गॅनिक’ या मूळ शब्दाचाही अर्थ तोच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी पदार्थांचे दोन गट मानले. मीठ, चुना, धातू हे निर्जीव सृष्टीतले. साखर, तेल, डिंक, मूत्रातला युरिया हे सजीवांच्या शरीरात तयार होणारे. दुसऱ्या गटातले पदार्थ घडवायला ‘जीवनशक्ती’ लागते, ते काचेच्या भांड्यात होणं शक्य नाही, अशी तेव्हाच्या बहुतेक विद्वानांची समजूत होती. तिला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. तोवर कोणी तसा पदार्थ करून दाखवलाच नव्हता.

फ्रीडरिश व्होलर हे बर्झेलियस यांचेच विद्यार्थी. पदवी वैद्यकाची, पण स्टॉकहोममध्ये गुरूंच्या हाताखाली वर्षभर राहून आलेले. १८२८ साली ते बर्लिनच्या एका तंत्रशाळेत शिकवत होते. त्यांना हवं होतं अमोनियम सायनेट, म्हणजे पहिल्या गटातला एक साधा क्षार. सिल्व्हर सायनेटवर नवसागराच्या द्रावणाची क्रिया करून, द्रावण आटवून त्यांनी स्फटिक मिळवले. पण ते पांढरे स्फटिक सायनेटसारखे वागेनात. व्होलर यांनी ते मूत्रातून काढलेल्या युरियाशी ताडून पाहिले, तेव्हा गुणधर्म तंतोतंत जुळले. इंग्लंडमध्ये विल्यम प्राऊट यांनी मूत्रातल्या युरियाचं जे पृथक्करण केलं होतं, त्याचे आकडेही जुळले. त्या फेब्रुवारीत व्होलर यांनी गुरूंना पत्र लिहून कळवलं, की माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडाशिवाय मला युरिया करता येतो.

पुस्तकांत असं लिहिलेलं असतं की या एका प्रयोगानं जीवनशक्तीची कल्पना कोसळली. तसं झालं नाही. शंका पुष्कळ वर्षं राहिल्या. १८४५ मध्ये हेरमान कोल्बे यांनी कार्बन डायसल्फाइडपासून सुरुवात करून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, तयार केलं, आणि असे दाखले साठत गेले तशी ती कल्पना मागे पडली. माझ्या मते व्होलर यांच्या प्रयोगाचं खरं मोल दुसरीकडेच आहे. अमोनियम सायनेट आणि युरिया, दोन्हींत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू. सामान अगदी तेच, फक्त मांडणी वेगळी, आणि तेवढ्यानं पदार्थ वेगळा. मग पदार्थाचा स्वभाव अणूंच्या जोडणीत असतो का, या प्रश्नाकडे सगळ्यांचं लक्ष लागलं. १८५८ मध्ये केकुले आणि कूपर यांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की कार्बनला चार बंध असतात आणि कार्बनचे अणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करू शकतात. भाकरीतलं पिष्ट, कापसाचा धागा, आपले स्नायू, नायलॉनची दोरी, पॉलिथिनची पिशवी, सगळं याच एका गुणावर उभं आहे. म्हणून आता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धड्याचं नाव ‘कार्बनी संयुगे’ असं आहे. ते मला जास्त नेमकं वाटतं.

युरिया पोत्यात यायला मात्र विसावं शतक उजाडलं. हाबर आणि बॉश यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची वाट काढली, आणि १९२२ च्या सुमारास अमोनिया व कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली एकत्र करून युरिया बनवण्याची पद्धत आली. आपल्याकडे ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळच्या थळला तो तयार होतो. थळचा कारखाना उभा राहिला तो मुंबई हायच्या वायूवर. त्या वायूतला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या सजीवांचा. म्हणजे पोत्यातल्या दाण्यांतही कधीकाळचं जीवन आहेच. हाच युरिया फॉर्माल्डिहाइडशी जोडला की प्लायवूडचा डिंक होतो, युरियापासूनच मेलामाइनच्या ताटल्या होतात, आणि टाचांच्या भेगांवर डॉक्टर जे मलम देतात त्यातही पुष्कळदा तोच असतो.

मूठभर युरिया पेलाभर पाण्यात टाकून ढवळून पाहा. पाणी बघता बघता गार पडतं, कारण विरघळताना युरिया पाण्यातली उष्णता घेतो.

शरीरातला युरिया यकृतात कसा तयार होतो, ते हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलं. अन्नातल्या प्रथिनांचा जास्तीचा नायट्रोजन विषारी अमोनियाच्या रूपात साठू नये, म्हणून यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘ब्लड युरिया’ असतो तो हाच. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर नाकात जो झणका जातो, तो मात्र युरियाचा नव्हे. युरियाला वास नसतो. जमिनीतले जिवाणू युरीएज नावाच्या विकरानं (एन्झाइमनं) तो फोडतात आणि अमोनिया सुटतो. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये हेच विकर स्फटिकरूपात वेगळं केलं, तेही आपल्या अबईच्या जवळच्या नात्यातल्या एका शेंगेच्या बियांतून. विकराचे असे स्फटिक त्याआधी कोणी मिळवले नव्हते.

आता पाटीवरचा ‘सेंद्रिय’. हा अर्थ प्रयोगशाळेतून आलेलाच नाही. १९४० मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड नॉर्थबर्न यांनी शेत हा एक सबंध सजीव आहे अशी मांडणी केली आणि त्यावरून शेतीला हे विशेषण लागलं. युरियाचा अतिवापर पिकाला आणि पाण्याला बाधतो, हे खरंच आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण ‘तो रासायनिक आहे म्हणून वाईट’ हे कारण टिकत नाही. सेंद्रिय शेतीच्या प्रवर्तकांत ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं, त्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली. त्यांच्या ढिगात काडीकचरा आणि शेणाबरोबर आणखी एक थर असे, गोठ्यातल्या जमिनीची मूत्र मुरलेली माती. त्या मातीतला नायट्रोजन बहुतेक युरियातूनच आलेला असे.