नाव आठवेना, म्हणून 'गॅजेट'

परभणीच्या मोंढ्याजवळ पंपाच्या दुकानात बसलो होतो. एक शेतकरी आले, म्हणाले, "दादा, ते हे द्या की... फोन लावला की मोटार चालू करतं ते डबडं." दुकानदारानं काही न विचारता मोबाइल स्टार्टर काढून पुढ्यात ठेवला. "घ्या मामा. सिमकार्ड मात्र तुमचं."

वस्तू ठाऊक, काम ठाऊक, नाव तेवढं ओठांवर येत नाही. 'गॅजेट' हा इंग्रजी शब्द अशाच वेळी खलाशांच्या कामी आला. शिडाच्या जहाजावर दोर, कप्प्या, आकडे यांची नावंच नावं. रॉबर्ट ब्राऊन यांनी चहाच्या जहाजावरच्या प्रवासाचं पुस्तक १८८६ साली छापलं. नेमकं नाव विसरलं की खलाशी त्या वस्तूला तात्पुरतं काहीतरी म्हणतात, असं सांगून त्यांनी अशी चार-पाच कामचलाऊ नावं दिली आहेत. त्यांत 'गॅजेट' आहे.

त्याच वर्षी न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहिला. तो घडवणाऱ्या पॅरिसच्या कारखान्याच्या नावात 'गाजे' हे आडनाव होतं. त्यानं पुतळ्याच्या लहान प्रतिकृती विकल्या, त्यावरून गॅजेट, अशी गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. त्याच वर्षीच्या पुस्तकात हा शब्द खलाशांच्या रोजच्या बोलण्यातला म्हणून येतो, म्हणजे तो पुतळ्याआधीच रुळलेला होता.

पुढे अमेरिकेत शास्त्रज्ञांनी पहिल्या अणुबॉम्बलाही 'गॅजेट'च म्हटलं. त्याची चाचणी १६ जुलै १९४५ ला झाली. तिथे नाव विसरलं नव्हतं, लपवायचं होतं.

मला जवळचा वाटतो तो फ्रेंच 'गाशेत' या शब्दाशी जोडलेला अंदाज. गाशेत म्हणजे बंदुकीचा चाप, कुलपाच्या आतला खटका. मामांच्या डबड्यातही खटकाच आहे. फोन लागला की आतल्या तारेच्या वेटोळ्यातून बारीकसा प्रवाह वाहतो, वेटोळ्याचं लोहचुंबक होतं, ते धातूची पट्टी ओढतं आणि स्टार्टरला वीज मिळते. बोटभर खटका पाच हॉर्सपॉवरची मोटार उठवतो. वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एखादी, म्हणजे एखादी फेज, गेली, तर उरलेल्या तारांवर भार येऊन मोटारीचं वाइंडिंग जळू नये म्हणून चांगलं डबडं मोटार बंदही करतं.

मामांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसून पिशवीत घातलं. त्यांच्याकडे त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री होती.