मील्के, एरिख

मील्के, एरिख (२८ डिसेंबर १९०७–२१ मे २०००) : पूर्व जर्मनीच्या राज्य सुरक्षा मंत्रालयाचा, म्हणजे ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस खात्याचा, १९५७ ते १९८९ या काळातील मंत्री. सलग ३२ वर्षे त्याने एका अख्ख्या देशावर पाळत ठेवली. न्यायालयाने मात्र त्याला शिक्षा दिली ती त्याआधीच्या, १९३१ सालच्या दोन खुनांसाठी. त्याच्या कारभाराचा खरा हिशेब मांडला तो श्टाझीचे दप्तर उघडून आपापली फाइल वाचणाऱ्या सामान्य नागरिकांनी.

मील्केचा जन्म बर्लिनच्या वेडिंग या कामगार वस्तीतला. तरुणपणीच तो कम्युनिस्ट पक्षात गेला आणि पक्षाच्या लढाऊ पथकात दाखल झाला. तेव्हा बर्लिनच्या रस्त्यांवर कम्युनिस्ट, नाझी आणि पोलीस यांच्यात रोजच चकमकी होत. ९ ऑगस्ट १९३१ रोजी पक्ष कार्यालयाजवळच्या ब्यूलोप्लाट्स चौकात, बाबिलोन चित्रपटगृहासमोर, मील्के आणि एरिख त्सीमर यांनी पाउल आन्लाउफ व फ्रान्झ लेंक या पोलीस अधिकाऱ्यांवर मागून गोळ्या झाडल्या. दोघेही ठार झाले. आन्लाउफच्या पत्नीचे थोड्याच दिवसांपूर्वी निधन झाले होते, त्यामुळे त्याच्या तीन मुली पुरत्या पोरक्या झाल्या. मारेकऱ्यांना पक्षाने सोव्हिएत संघात पोहोचते केले. माक्स माटर्न हा साथीदार मात्र पकडला गेला आणि १९३५ साली नाझी राजवटीने त्याचा शिरच्छेद केला. पूर्व जर्मनीने पुढे माटर्नला हुतात्मा ठरवले. गोळी झाडणारा तोवर मंत्रालयात बसला होता.

मॉस्कोतील पक्षशिक्षण, टोपणनावाने स्पेनच्या यादवी युद्धात काम आणि नंतर फ्रान्समध्ये खोट्या ओळखीवर काढलेले दिवस असा प्रवास करून मील्के १९४५ मध्ये बर्लिनला परतला. सोव्हिएत ताब्यातील भागात नवे पोलीस दल उभे राहत होते आणि मॉस्कोच्या विश्वासातली माणसे हवी होती. फेब्रुवारी १९५० मध्ये मंत्रालय स्थापन झाले तेव्हा तो व्हिल्हेल्म त्साइसर या मंत्र्याच्या हाताखाली होता. १७ जून १९५३ रोजी कामगार रस्त्यावर उतरले आणि उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडावा लागला. उठावाची चाहूल खात्याला लागली नाही, या ठपक्यासह त्साइसरचे मंत्रिपद गेले. त्याच्यानंतर आलेला एर्न्स्ट व्होल्वेबर चार वर्षांत पायउतार झाला आणि खुर्ची मील्केकडे आली. १७ जून ही तारीख त्याच्या मनातून कधीच गेली नाही. यापुढे आपल्याला ठाऊक नाही असे काही घडताच कामा नये, ही त्याची धारणा खात्याच्या हाडीमाशी खिळली.

सुमारे १ कोटी ६४ लाख लोकसंख्येच्या देशात १९८९ साली श्टाझीचे पगारी कर्मचारी ९१ हजारांच्या घरात होते. खबरे वेगळे, त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास. खबऱ्या म्हणजे शेजारी, सहकारी, वर्गमित्र, पाद्री, डॉक्टर, क्वचित नवरा किंवा बायकोसुद्धा. सुरुवातीच्या काळात मारहाण आणि कोठडी ही मुख्य हत्यारे होती. पुढे देशाला आंतरराष्ट्रीय मान्यता हवी झाली आणि उघड अटका अडचणीच्या ठरू लागल्या. जानेवारी १९७६ च्या १/७६ या निर्देशात माणसाला तुरुंगात न टाकता आतून पोखरण्याची रीत लिहून दिलेली आहे : त्याच्याविषयी अफवा पसरवायच्या, नोकरीत अपयश येईल अशी तजवीज करायची, मित्रांमध्ये संशय पेरायचा. अशा माणसाला आपल्यामागे कोणी लागले आहे हे सिद्ध करता येत नसे आणि जवळच्यांनाही तो भ्रमिष्ट वाटू लागे. या खात्याच्या कामात याहून क्रूर भाग क्वचितच सापडेल. जखम दिसत नसल्यामुळे तिची भरपाई मागणेही पुढे अनेकांना अवघड गेले.

नॉर्मानेनस्ट्रासवरील मुख्यालयातील मील्केचे दालन आज संग्रहालय आहे. त्याच्या न्याहारीची मांडणी कशी असावी याचे सचिवाने आखलेले कार्ड जपून ठेवलेले आहे. ताट, कप, पाव कुठे ठेवायचा याची आकृती त्यावर आहे आणि अंडी साडेचार मिनिटे उकडायची अशी सूचनाही आहे. शिस्तीचा हाच हट्ट माणसांच्या जिवाबाबतही होता. जून १९८१ मध्ये वेर्नर टेस्के या स्वतःच्याच खात्यातील कॅप्टनला पश्चिमेकडे पळण्याच्या बेताबद्दल ठार करण्यात आले. पूर्व जर्मनीत अमलात आलेली ती शेवटची देहान्त शिक्षा. पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांपुढे बोलताना, देहान्त शिक्षा नको म्हणणे हा निव्वळ मूर्खपणा आहे, असे मील्केने बजावले. त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.

३१ ऑगस्ट १९८९ च्या बैठकीत त्याने जिल्हाप्रमुखांना विचारले, ‘‘उद्या १७ जून उसळेल, अशी स्थिती आहे का?’’ तसे होणार नाही, असे उत्तर मिळाले. अहवालांचा ढीग होता, पण लोकांना काय हवे आहे ते वरिष्ठांना सांगण्याची धमक त्या यंत्रणेत उरली नव्हती. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत उघडली. १३ नोव्हेंबरला संसदेत सदस्यांना तो ‘कॉम्रेड’ म्हणाला, तेव्हा इथे सगळेच कॉम्रेड नाहीत, अशी हरकत आली. गडबडून तो उद्गारला, ‘‘मी तर सर्वांवर, सर्व माणसांवर प्रेम करतो.’’ सभागृह हसले, आणि ते हसू देशाने दूरचित्रवाणीवर थेट पाहिले. डिसेंबरात त्याला अटक झाली.

१९३१ च्या खुनांची जुनी न्यायालयीन कागदपत्रे मील्केच्याच तिजोरीत मिळाली. ती नाझी काळातील असल्यामुळे पुरावा म्हणून चालतील का, यावर बराच वाद झाला. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्याला ६ वर्षांची कैद झाली. इतर आरोपांचे खटले प्रकृतीच्या कारणावरून थांबले आणि १९९५ मध्ये तो सुटला.

दप्तराची गोष्ट वेगळी. १९८९ च्या अखेरीस कर्मचारी कागद फाडू लागले, तेव्हा ४ डिसेंबरला एर्फुर्टच्या नागरिकांनी तिथले कार्यालय ताब्यात घेतले. १५ जानेवारी १९९० रोजी लोक बर्लिनच्या मुख्यालयात शिरले. नाशातून बचावलेल्या फाइली एका रांगेत लावल्या तर सुमारे १११ किलोमीटर भरतात. फाडलेल्या तुकड्यांच्या हजारो पोत्यांतून पाने जुळवण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. १९९१ च्या कायद्याने प्रत्येकाला स्वतःवरची फाइल पाहण्याचा हक्क मिळाला आणि जानेवारी १९९२ पासून लोक ती वाचू लागले. २०२१ पासून हा संग्रह जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे असून अर्ज आजही स्वीकारले जातात.