शोधात पहिलं आलं म्हणजे खरं?

कपाशीला पात्या-फुलं धरली की यवतमाळ-वर्ध्याकडं मोबाइलवर एक शोध हमखास होतो: ‘गुलाबी बोंडअळी औषध’. गूगलवर पहिलं जे दिसलं त्याचा फोटो काढायचा आणि कृषी केंद्र गाठायचं. पहिलं आलं म्हणजे खरं, हा समज. गूगल मुळात खरंखोटं ठरवत नाही, वजन करतं.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेलं ‘पेजरँक’ हे त्या वजनाचं मूळ गणित. एका पानानं दुसऱ्याला लिंक दिली की ते मत झालं. पण सगळी मतं सारखी नाहीत. वजन ४ असलेल्या पानानं ८ जणांना लिंका दिल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतं ०.५. त्याला ०.८५ नं गुणायचं, म्हणजे ०.४२५. अशा सगळ्या वाट्यांच्या बेरजेत ०.१५ मिळवले की पानाचं वजन निघालं. हे ०.१५ कुणी विचारत नसलेल्या पानालाही फुकट मिळतात, आणि गोम तिथंच आहे. कुणी १०० रिकामी पानं तयार करून प्रत्येकाची एकुलती एक लिंक आपल्या दुकानाकडं वळवली, तर १०० × ०.१५ × ०.८५ = १२.७५, स्वतःचे ०.१५ धरून १२.९. एका माणसानंही न वाचता वजन ८६ पट! २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ सुधारणा आणून गूगलनं अशा बोगस लिंकांवर वरवंटा फिरवला. आता पेजरँक अनेक निकषांपैकी एक उरलंय. तरी मराठीत चांगली पानंच थोडी, त्यामुळं इथं वर चढायला फार जोर लागत नाही.

‘प्रायोजित’ लिहिलेली ओळ तर सरळ पैसे मोजून आलेली. आणि गूगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या एआयच्या उत्तराला भेंडवळच्या घटमांडणीसारखं प्रमाण मानू नये. २०२४ मध्ये त्यानं पिझ्झ्याचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं होतं. कुणाची तरी जुनी थट्टा उचललेली!

शब्द बदलून बघा. ‘औषध’ टाकलं की विकणारे पुढं येतात. ‘गुलाबी बोंडअळी कामगंध सापळे आर्थिक नुकसान पातळी’ टाका, पुढं इंग्रजीत साइट, कोलन आणि जागा न सोडता जीओव्ही डॉट इन. मग फक्त सरकारी पानं येतात. कृषी विद्यापीठांसाठी तिथं एसी डॉट इन. शिफारस अशी आहे: हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे), आणि सलग ३ रात्री दर रात्री सापळ्यामागं ८ पतंग सापडले किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली तरच फवारणी. हीच आर्थिक नुकसान पातळी. त्याआधी पंप बाहेर काढायची गरज नाही.