डीसीसी संकेतातील बिघाड (मॉडेल रेल्वे)

डिजिटल पद्धतीने चालणाऱ्या मॉडेल रेल्वेत नियंत्रकाचा हुकूम इंजिनापर्यंत नीट न पोहोचल्याने होणारे बिघाड व ते शोधण्याची रीत. इंजिन अडखळते, दिवे लुकलुकतात, ध्वनी-डिकोडर (हुकूम वाचून इंजिन चालवणारा व आवाजही काढणारा, इंजिनात बसवलेला सर्किट) असेल तर इंजिन सुरू होण्याचा आवाज पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाजतो. कधी दिवे नीट लागलेले असतात, पण इंजिन हुकूम मानत नाही. छंदी मंडळी या सगळ्याला सरसकट ‘सिग्नल वीक आहे’ म्हणतात आणि आधी इंजिन खोलून बसतात. दोष मात्र बहुतेक वेळा रुळात, चाकात किंवा वायरिंगमध्ये सापडतो.

डिजिटल कमांड कंट्रोल (डीसीसी) या पद्धतीचा पाया जर्मनीतील लेन्झ कंपनीने घातला आणि अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990 च्या दशकात तिचे प्रमाणीकरण केले. तिच्यात वीज आणि हुकूम वेगवेगळे जात नाहीत. एचओ (1:87) मापाच्या रुळांवर साधारण 14 ते 16 व्होल्टची चौकोनी लहर सतत उलटसुलट होत असते व त्या उलटण्याच्या वेळातच संदेश असतो: अर्धी लहर 58 मायक्रोसेकंदांची असेल तर ‘एक’, 100 किंवा त्याहून जास्त असेल तर ‘शून्य’. प्रत्येक संदेशाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही की डिकोडर अख्खा संदेश टाकून देतो. अर्धवट पाळत नाही. एक संदेश काही मिलिसेकंदांत संपतो आणि नियंत्रक तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, त्यामुळे एखाददुसरा हुकला तर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बिघाड डोळ्यांना दिसू लागतो तोवर बरेच संदेश वाया गेलेले असतात.

म्हणून पहिला प्रश्न असा: दोष इंजिनाबरोबर फिरतो की एका जागी ठाण मांडून बसतो? त्याच जागी दुसरे इंजिनही अडखळले तर रूळ तपासावा. एकच इंजिन सगळीकडे अडखळत असेल तर त्याची चाके, चाकांना टेकणाऱ्या वीज घेणाऱ्या पट्ट्या आणि डिकोडरच्या प्लगची बैठक पाहावी. पकड वाढवण्यासाठी काही चाकांवर रबरी कडी असते; ती चाके वीज घेत नाहीत, त्यामुळे छोट्या शंटिंग इंजिनांची पंचाईत लवकर होते. सांध्यावरचा फ्रॉग (गाडी रूळ बदलते तिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लास्टिकचा असेल तर तीच इंजिने नेमकी तिथे अडतात. डिकोडरला जोडलेला, थोडी वीज साठवून ठेवणारा ‘कीप अलाइव्ह’ कपॅसिटर अशा क्षणिक तुटीतून इंजिन पार नेतो, पण मूळ घाण तशीच राहते.

रूळ व चाकांवर बसणारा काळा थर हे सर्वांत नेहमीचे कारण. पॉलिश पेपरने घासले की रूळ तात्पुरते चकाकतात, पण पडलेल्या बारीक ओरखड्यांत घाण पुन्हा लवकर साचते. कोणते द्रावण वापरावे यावर छंदींमध्ये न संपणारा वाद आहे.

वायरिंगची परीक्षा नाण्याने होते. रुळांच्या प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर नाणे टेकवून शॉर्ट करायचा. बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा भाग) तत्काळ ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला पाहिजे. यामागे साधा हिशोब आहे. बूस्टर 15 व्होल्ट देत असेल आणि 5 अँपिअरला ट्रिप होत असेल, तर वायर, जोड व रूळ मिळून रोध 3 ओहमच्या आत हवा. तो 3.5 ओहम झाला तर शॉर्टमध्ये सुमारे 4.3 अँपिअर वाहतात. बूस्टरला वाटते बऱ्याच गाड्या चालू आहेत आणि 60 वॉटहून जास्त उष्णता वायरी, जोड, चाके यांत मुरत राहते. प्लास्टिकच्या बोगी त्यात वितळतात. रुळांच्या जोडपट्ट्यांवर वीज वाहून नेण्याची भिस्त ठेवू नये. त्या ढिल्या होतात, आत गंज धरतात. जाड मुख्य वायर टाकून तिच्यापासून दर एक-दोन मीटरला रुळाला फीडर (वीज पोहोचवणारी जोडतार) सोल्डर करणे हाच पक्का उपाय. व्होल्टेज मोजताना साधा मल्टिमीटर फसवतो, कारण तो 50 हर्ट्झच्या साइन लहरीसाठी बनवलेला असतो. मात्र एकाच मीटरने दोन जागांची तुलना करायला तो चालतो.

खऱ्या अर्थाने संदेश बिघडतो तो वेगळ्या कारणांनी. जुन्या ॲनालॉग (रुळांवरच्या व्होल्टेजनेच वेग ठरणाऱ्या) सेटमधला वीजजोडणीचा तुकडा तसाच राहिला तर त्यातला विजेतला खरखराट (रेडिओ-टीव्हीला होणारा व्यत्यय) दाबणारा कपॅसिटर लहरीच्या कडा बोथट करतो: दिवे लागतात, हुकूम पोहोचत नाही. मुख्य वायर फार लांब असली तर लहर टोकाला कंप पावते. तेव्हा तारा एकमेकींत पिळतात आणि टोकाशी रोधक व कपॅसिटरची जोडी बसवतात.

काही लक्षणे संकेताची वाटतात पण नसतात. वेग वाढवताना पुढचा दिवा लागतो-विझतो, तेव्हा नियंत्रक व डिकोडर यांपैकी एक 14 आणि दुसरा 28 वेगपायऱ्या (पूर्ण वेगाचे टप्पे) धरून बसलेला असतो. शॉर्ट निघताच इंजिन भरधाव सुटले, तर डिकोडरने डिजिटल लहर न ओळखता ॲनालॉग वीज आली असे मानलेले असते. डिकोडरमधल्या सीव्ही 29 या सेटिंगचे मूल्य 6 वरून 2 केले की ही सवय बंद होते. प्रोग्रॅमिंग रुळावर (डिकोडरची सेटिंग वाचण्या-बदलण्याचा वेगळा रूळ) डिकोडर उत्तर देतो ते मोटर क्षणभर चालवून, म्हणजे 60 मिलिअँपिअरच्या सुमारे 6 मिलिसेकंदांच्या ठोक्याने. मोटरची एखादी तार सुटलेली असेल तर हा ठोका उमटतच नाही आणि नियंत्रक ‘इंजिन सापडत नाही’ असे सांगतो.