अडीच इंची डिस्क आणि कौलारू छप्पर

राउटरशेजारच्या फळीवर मावेल असा छोटा सर्व्हर उभारायचा ठरला, की हार्ड डिस्क बहुतेक वेळा अडीच इंचीच घ्यावी लागते. कारण आकड्यांतच दिसतं. साडेतीन इंची डिस्क १०१.६ मिमी रुंद, १४७ मिमी लांब आणि २६.१ मिमी जाड असते. अडीच इंची डिस्क जेमतेम ७० मिमी रुंद आणि १०० मिमी लांब. तिची जाडी ९.५ मिमी धरली, तर घनफळ मोठीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं भरतं. विजेचा फरकही मोठा आहे. मोठ्या डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, आणि सुरू होताना ती १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास खेचते. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची छोटी डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, सुरू होताना १ अँपिअरच्या आसपास घेते आणि नंतर लिहिता-वाचताना दोनेक वॅटमध्ये भागवते. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात हा फरक वर्षभर मोजला जातो.

अडचण वेगळीच आहे. बाजारात सहज मिळणारी अडीच इंची डिस्क लॅपटॉपसाठी घडवलेली असते. ती पडण्यापासून वाचावी, बॅटरी कमी खावी आणि दिवसातून काही तासच चालावी, हे गृहीत धरून तिचे सगळे निर्णय झालेले असतात. सर्व्हरमध्ये यातलं काहीच लागू नसतं. म्हणून खरेदीत टीबी, म्हणजे साठ्याची क्षमता, शेवटी पाहावेत. आधी पाहायचं ते डिस्क कशी लिहिते ते.

साध्या डिस्कमध्ये आतल्या फिरत्या तबकडीवरचे वर्तुळाकार ट्रॅक एकमेकांना न शिवता शेजारी शेजारी असतात. या पद्धतीला सीएमआर म्हणतात. लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं, त्यामुळे लिहिलेल्या ट्रॅकचा पुष्कळसा भाग वाचताना वापरातच येत नाही. मग तो भाग पुढच्या ट्रॅकखाली झाकून टाकला तर? कोकणातल्या घरांवर मंगलोरी कौलं घालतात, तशी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर थोडी चढवायची. तेवढ्याच तबकडीवर जास्त ट्रॅक बसतात. हीच शिंगल्ड रेकॉर्डिंग, म्हणजे एसएमआर. सीगेटने अशा डिस्क २०१३ पासून बाजारात पाठवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये आलेली १५ मिमी जाडीची, पाच तबकड्यांची ५ टीबी बॅराकुडा याच पद्धतीची आहे.

कौलारू छपराची अडचणही तिथे तशीच येते. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली ओळ आधी उचलावी लागते. एसएमआर डिस्कमध्ये मधल्या ट्रॅकवर चार केबी बदलायचे असले, तरी लिहिणारं रुंद हेड शेजारचा ट्रॅक पुसून टाकतं. म्हणून त्या पट्ट्यातला पुढचा सगळा मजकूर, म्हणजे कित्येक मेगाबाइट, आधी वाचून मग पुन्हा लिहावा लागतो. हे दर वेळी करावं लागू नये म्हणून डिस्क काही गिगाबाइट जागा राखीव ठेवते. नवा मजकूर घाईघाईने तिथे टाकायचा आणि निवांत वेळ मिळाला की जागच्या जागी लावायचा, अशी तिची रीत. लॅपटॉपमध्ये निवांत वेळ भरपूर असतो, म्हणून वापरणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. सर्व्हरवर डेटाबेस, कॅमेऱ्यांचं चित्रण किंवा व्हर्च्युअल मशीन चालू असलं तर तो वेळ मिळत नाही. राखीव जागा भरते आणि सेकंदाला शंभरेक मेगाबाइट लिहिणारी डिस्क दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते.

याचा सर्वांत वाईट फटका रेडमध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी मजकूर वाचेल असा अनेक डिस्कच्या संचात, बसतो. एक डिस्क गेली आणि तिच्या जागी नवी लावली, की तिच्यावर तासन्‌तास सलग लेखन होतं. सीएमआर १ टीबी डिस्क शंभर मेगाबाइटच्या वेगाने तीन तासांच्या आत भरते. एसएमआर डिस्कला त्याच कामाला दिवस लागू शकतात. मध्येच ती इतकी गुंतून पडते की संच सांभाळणाऱ्या कंट्रोलरला उत्तर देत नाही, आणि मग ती खराब समजून संचाबाहेर काढली जाते. तेवढा सगळा काळ उरलेल्या डिस्क सुरक्षेविना चालत असतात. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (इथे अर्थ लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही साडेतीन इंची डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं, तेव्हा झेडएफएस ही डिस्कचे संच सांभाळणारी फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांना हाच अनुभव येत होता. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी रेड प्लस हे वेगळं नाव काढलं, आणि मोठ्या उत्पादकांनी कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं याच्या याद्या दिल्या. खरेदीपूर्वी पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, त्या यादीत शोधणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

यादी हाताशी नसेल तर काही खुणा उपयोगी पडतात. ७ मिमी जाडीत दोनच तबकड्या बसतात, म्हणून ७ मिमीची २ टीबी डिस्क म्हणजे तबकडीमागे १ टीबी. अडीच इंचीत एवढी घनता दिसली की ती एसएमआरच समजावी. ५४०० फेऱ्यांच्या १ टीबी डिस्कवर १२८ एमबी कॅश (तात्पुरती स्मृती) लिहिलेली असेल तर तोही मोठा संशय; त्या वर्गातल्या जुन्या सीएमआर डिस्कना बहुधा ८ किंवा १६ एमबीच असे. फिरती डिस्क ट्रिम आदेश (कोणती जागा रिकामी झाली ते डिस्कला कळवणारा) स्वीकारते असं लिनक्सवरचं एचडीपार्म हे साधन दाखवत असेल, तर ती कौलारू आहे. मात्र ट्रिम दिसलं नाही म्हणून ती सीएमआर ठरत नाही.

एसएमआर डिस्क सगळीकडे टाकाऊ आहे असं नाही. रात्री एकदा बॅकअप घेणारी एकटी डिस्क, किंवा एकदा भरून नुसता वाचायचा सिनेमा-गाण्यांचा साठा, यासाठी ५ टीबीची डिस्क चांगलं काम करते. रेड ५, रेड ६ किंवा झेडएफएसच्या रेड-झेड संचात ती घालू नये, एवढं मात्र आग्रहाने सांगावंसं वाटतं.

लॅपटॉपची दुसरी सवय म्हणजे हेड उचलून बाजूला ठेवणं. काही डिस्क आठच सेकंद काम नसलं की हेड पार्क करतात. अशा पार्किंगची हमी साधारण ३ ते ६ लाख वेळांची असते. सर्व्हर दर मिनिटाला एखादी लॉगची ओळ लिहीत असेल, तर दिवसाला १४४० वेळा हेड वर-खाली होतं आणि ३ लाखांचा आकडा २०८ दिवसांत गाठला जातो. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या, नोंदीतला १९३ क्रमांकाचा आकडा ही मोजणी दाखवतो. नवी डिस्क लावल्यावर तो सकाळ-संध्याकाळ पाहावा. भराभर वाढत असेल तर एचडीपार्मने एपीएमची, म्हणजे डिस्कच्या वीज वाचवण्याच्या सोयीची, पातळी २५४ करावी. तेवढ्याने न थांबल्यास २५५ देऊन एपीएम पूर्ण बंद करावं. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, म्हणून आदेश यंत्र सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये घालावा.

तिसरी सवय चिवटपणाची. लॅपटॉपमध्ये मजकुराची दुसरी प्रत नसते, त्यामुळे खराब सेक्टर (तबकडीवरचा छोटा तुकडा) वाचायला डिस्क मिनिटभरही झगडत राहते. लिनक्स मात्र सहसा ३० सेकंद थांबतं आणि मग जोडणीच रीसेट करतं. रेडमध्ये दुसरी प्रत असते, तेव्हा डिस्कने लवकर हार मानलेली बरी. झगडण्याच्या वेळेवरची मर्यादा डिस्क स्वीकारत असेल तर स्मार्टसीटीएल या साधनाने ती ७ सेकंदांवर आणावी. तिथे आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात द्यायचा असल्यामुळे ७० लिहायचा. डिस्क नकार देत असेल तर उलट लिनक्सची वाट पाहण्याची मुदत १८० सेकंद करावी.

जाडी मोजायला विसरू नका. अडीच इंची डिस्क ७, ९.५, १२.५ आणि १५ मिमीत येतात, आणि बऱ्याच मिनी पीसींच्या खोबणीत फक्त ७ मिमी जाते. स्क्रू एम३ असतात. साडेतीन इंचीचे वेगळ्या आट्यांचे असतात, ते इथे जबरदस्तीने बसवले की आटे जातात. वीजपुरवठ्याचा हिशेब सुरू होतानाचा धरावा: सहा डिस्क एकदम फिरू लागल्या तर ५ व्होल्टवर ६ अँपिअर, म्हणजे ३० वॅट. रास्पबेरी पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. तिथे दोन डिस्क थेट लावल्या की त्या मध्येच गायब होतात आणि दोष डिस्कला दिला जातो. खरं औषध स्वतंत्र वीज असलेला हब. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून साटाची (नेहमीच्या डिस्कच्या जोडणीची) वीज काढणारी, प्लास्टिक ओतून बंद केलेली स्वस्त कनेक्टरं टाळावीत. आत तारा एकमेकींना टेकून जळण्याचा धोका असतो.

स्वस्त पडणाऱ्या यूएसबी डिस्कचं कवच फोडून आतली डिस्क काढण्याचा मार्ग अनेकजण धरतात. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्टमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डवर असतो. साटाची जोडणीच नसल्यामुळे कवच फोडून हाती काही लागत नाही.

जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या १०,००० फेऱ्यांच्या सॅस (सर्व्हरसाठीची वेगळी जोडणी) डिस्क मोह घालतात. त्या सीएमआर असतात, सतत चालण्यासाठी बांधलेल्या असतात आणि शेजारच्या डिस्कची थरथर सोसतात. पण त्यांना १२ व्होल्टही लागतात, १५ मिमीची जागा लागते आणि वेगळा सॅस कंट्रोलर लागतो. साटाच्या जोडणीत डेटा आणि विजेच्या भागांमध्ये फट असते. सॅसमध्ये ती भरलेली असते, म्हणून साटाची केबल तिच्यावर बसतच नाही. उलट साटा डिस्क सॅस कंट्रोलरवर चालते. स्टोरेज ॲरेमधून, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या साठवण यंत्रातून, आलेली डिस्क ५२० बाइटच्या सेक्टरांची असू शकते. ती एसजी-फॉरमॅट या साधनाने ५१२ बाइटची केल्याशिवाय वापरता येत नाही. हे काम चालू असताना वीज जाऊ देऊ नये.

नवी असो वा जुनी, डिस्कवर मजकूर टाकण्याआधी तिची कसोटी घ्यावी. आधी स्मार्टची लांब चाचणी, मग रिकाम्या डिस्कवर बॅडब्लॉक्स या लिनक्सच्या साधनाचं पुसून लिहिणारं परीक्षण. ते चार नमुने लिहितं आणि प्रत्येक वाचून पाहतं, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या. १ टीबीला शंभर मेगाबाइटच्या वेगाने २२ तास होतात. तबकडीच्या आतल्या भागात वेग निम्म्यावर येतो, म्हणून दीड दिवस धरून चला. ५ टीबीला आठवडा. परीक्षणाआधी स्मार्टच्या नोंदीतले ५, १९७, १९८ (खराब सेक्टरांचे) आणि १९९ (जोडणीतल्या चुकांचा) हे आकडे टिपून ठेवा. १९९ वाढला तर आधी केबल बदलून पाहा. ५ किंवा १९७ शून्यावरून हलला तर नव्या डिस्कबाबत वाट पाहत बसू नका, परत करण्याची मुदत संपायच्या आत ती दुकानात पोचवा.