फ्लाय रॉडवरचा आकडा माशाचा नव्हे, दोरीचा

गळाच्या नेहमीच्या काठीने फेक करताना वजनदार आमिष पुढे झेपावते आणि बारीक दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र पिसे आणि केस बांधून केलेल्या कृत्रिम माशीला फारसे वजनच नसते, त्यामुळे तिथे फेकली जाते ती जाड, वजनदार दोरी. रॉडवर छापलेला 8, 10 किंवा 12 हा क्रमांक या दोरीचा असतो. क्रमांक 8 च्या दोरीच्या पुढच्या 30 फुटांचे प्रमाणित वजन सुमारे 13.6 ग्रॅम, तर क्रमांक 12 चे सुमारे 24.6 ग्रॅम असते.

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रावर वारा क्वचितच थांबतो, आणि तिथे हा फरक फार मोलाचा ठरतो. समान घनतेच्या दोरीची जाडी दुप्पट केली, तर तिचे वजन चौपट होते, पण वाऱ्याच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग दुप्पटच वाढतो. म्हणूनच जड दोरी वारा कापत जाते. इथल्या माशांपैकी बोनफिशसाठी साधारणपणे 8, परमिटसाठी 9 किंवा 10 आणि शंभर किलोंपलीकडे वाढू शकणाऱ्या टारपनसाठी 11 किंवा 12 क्रमांकाचा, सुमारे 9 फुटी रॉड निवडतात. वारा जोराचा असेल किंवा माशी खेकड्यासारखी जड बांधलेली असेल, तर माझ्या मते एक क्रमांक वर जाणेच शहाणपणाचे.

दुकानात लांब फेक करून रॉड पारखण्याची सवय मला चुकीची वाटते. उथळ पाण्यात मासा अनेकदा दहा-बारा मीटरवर अचानक दिसतो आणि हाती काही सेकंदच असतात. अति ताठ रॉड एवढ्या थोड्या दोरीच्या वजनाने पुरेसा वाकत नाही, आणि न वाकलेल्या रॉडमध्ये फेकीसाठी ऊर्जाही साठत नाही.

मासा लागल्यावर खरा भार रॉडच्या मुठीजवळच्या जाड भागाने पेलायला हवा. कार्बन फायबर ताण उत्तम सोसतो, दाब त्यामानाने कमी. रॉड उभा धरून मासा पायाशी ओढला, की नाजूक शेंडा आकड्यासारखा वळतो, त्याच्या आतल्या बाजूवर दाब एकवटतो, पोकळ नळी चपटी होते आणि तडकते. रॉड आडवा, खालच्या कोनात ठेवला, तर तोच भार जाड भागाकडे सरकतो.

रीळ बसवण्याची जागाही नीट तपासावी. खाऱ्या पाण्यात कार्बन आणि अॅल्युमिनियम यांचा थेट संपर्क आला, तर विद्युत-रासायनिक क्रियेने अॅल्युमिनियम झिजते. त्यामुळे तिथला धातू अॅनोडाइझ केलेला, म्हणजे विद्युत प्रक्रियेने संरक्षक थर चढवलेला असावा, आणि वापरानंतर दोरी ओवायच्या कड्यांसह सगळा रॉड गोड्या पाण्याने धुवावा.